तिसरा रकाना

पिंगळे सरांचा उजवा हात सदैव त्यांच्या डाव्या हाताच्या ताब्यात असायचा. परिपाठाला, जेवणाच्या सुट्टीत, हेडमास्तरांसमोर, कुठेही पाहा, पाठीमागे उजवं मनगट डाव्या मुठीत गच्च धरून उभे. शाळेत नवीन आलेल्या माणसाला तो रुबाब वाटे. मलाही ते आल्यावर पहिले दोन महिने तसंच वाटलं आणि मी त्यांच्या माघारी त्यांना ‘कलेक्टर’ म्हणायचो. मग एकदा चहाच्या टपरीवर त्यांनी स्वतःच सांगितलं, "चव्हाण, हा हात मोकळा सोडला की मारतो."

आमची शाळा जिल्हा परिषदेची. पुसदहून उमरखेडला जाणाऱ्या रस्त्यापासून तीन किलोमीटर आत, एका अंगाला गाव आणि दुसऱ्या अंगाला तांडा. मी त्याच्याही पलीकडच्या तांड्यातला. घरी बंजाऱ्यांची गोरबोली, पोरांशी वऱ्हाडी आणि फळ्यावर शुद्ध मराठी, अशा तीन चुलींवर माझा स्वयंपाक चालतो. पिंगळे सर यवतमाळ शहरातले. बाप कोर्टात कारकून, आजोबाही कोर्टात कारकून, घरात आवाज चढवायची पद्धत नाही. ते इंग्रजी शिकवायचे, मी मराठी.

त्यांची कीर्ती त्यांच्या आधी आमच्या शाळेत पोचली होती. राळेगाव तालुक्यातल्या आधीच्या शाळेत पोरं त्यांना ‘बेशरम सर’ म्हणायची. नाल्याकाठच्या बेशरमाच्या झुडपाच्या हिरव्या काड्या तोडून आणायचं काम रोज एका पोराकडे असे आणि संध्याकाळपर्यंत त्यातली एकही धड उरत नसे. स्पेलिंग चुकलं, काडी. वही विसरला, काडी. काडी मोडली की हात. पंधरा वर्षं हे चाललं. निकाल चांगला लागायचा, म्हणून कोणी ब्र काढला नाही. मग एक दिवस सातवीतल्या एका पोराला कविता पाठ नव्हती म्हणून सरांनी त्याच्या डाव्या कानावर थप्पड लगावली. पोरगं पडलं, उठलं, जागेवर जाऊन बसलं. दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत आली. भांडायला आली असेल म्हणून सर तयारीतच उभे राहिले. ती भांडली नाही. पोराला सरांसमोर उभं केलं, स्वतः त्याच्या डाव्या बाजूला जरा मागे गेली आणि हळू आवाजात त्याला नावानं हाक मारली. तीन वेळा मारली. पोरगं सरांकडे पाहत तसंच उभं राहिलं.

"त्या बाईनं मले एक शब्द म्हटला नाई," सर सांगत होते. त्यांचा चहा गार झाला होता. "त्या दिवशी ठरवलं, आता दोन गोष्टी बंद. मारणं बंद अन् सांगणं बंद."

मारणं बंद हे समजलं. सांगणं कशाला बंद, असं मी विचारलं.

"अरे, पंधरा वर्षं मी वरतून ओतत होतो. राह्यलं नाई तं झोडपत होतो. दोन्ही कामं एकाच हाताची हायेत. आता पोरानं सोताच शोधाचं. लागन तेवढा वेळ घ्याचा, पण सोता."

मला हे पटलं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही, आणि त्याला कारण आहे.

आमच्या शाळेत आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी नववीला पाठ्यपुस्तक मिटायला लावलं. सांगितलं, उद्या येताना घरातला असा इंग्रजी कागद आणा जो घरात कोणालाच वाचता येत नाही. दुसऱ्या दिवशी वर्गाचा बाजार झाला. बियाण्याच्या थैल्या, मोटारपंपाचं पुस्तक, फवारणीच्या औषधाची लेबलं, दवाखान्याची कार्डं, वारलेल्या आजीच्या डोळ्याच्या ऑपरेशनचा कागद. एकानं तर मिक्सरचं खोकंच डोक्यावर आणलं. सरांनी प्रत्येकाला वहीत तीन रकाने आखायला लावले. काय, कायले, कवापरेंत. काय वाचायचं, कशासाठी वाचायचं आणि कधीपर्यंत वाचून व्हायला पाहिजे. ठरवायचं पोरानंच. चार-चार जणांची टोळी, टोळीला एक डिक्शनरी, ती सुतळीनं बाकाला बांधलेली. आणि सर शेवटच्या बाकावर, हातात हात धरून.

त्यांचे नियमही होते. पोरगं ‘झालं’ म्हणेपर्यंत सर कागद पाहायचे नाहीत आणि वहीही उघडायचे नाहीत. "पोरं कागद वाचत नाईत, माह्यं तोंड वाचतात," ते म्हणत. "मलेच ठाऊक नसलं तं तोंडावर काय दिसन?" दुसरा नियम, वाचायचं तर पूर्ण वाचायचं, अर्धं सांगायला यायचं नाही. आणि पोरगं ‘झालं, सर’ म्हणालं की सर उठून उभे राहायचे. वर्गात मोठा साहेब आल्यासारखे ताठ उभे राहून, त्या पोराकडे बघत शेवटपर्यंत ऐकायचे आणि मग एकच शब्द म्हणायचे, "शाबास." पोरं त्या उभं राहण्यासाठी जीव टाकायची. पंचावन्न वर्षांचा माणूस आपल्यासाठी उठतो, हे त्यांच्या घरादारात कधी घडलेलं नव्हतं.

हे सगळं ऐकायला गोड वाटतं. प्रत्यक्षात त्या वर्गात रोज राडा असायचा.

एकदा एका टोळीनं फवारणीचा पंप आणला होता, पुस्तकात वाचून तो खोलायचा आणि पुन्हा जोडायचा, असं काम. वॉशर आधी की नळी आधी यावरून दोघांची जुंपली. शब्दानं शब्द वाढला आणि एकानं हातातला पाना दुसऱ्याच्या कपाळावर हाणला. आरडाओरडा ऐकून मी शेजारच्या वर्गातून धावलो. पोराच्या भुवईवरून रक्ताची धार लागली होती, शर्टाची बटणं लाल झाली होती. आणि पिंगळे सर काय करत होते? जखम धुवायच्या औषधाची बाटली त्यांनी मारणाऱ्या पोराच्या हातात दिली होती आणि म्हणत होते, "वाच. किती पाण्यात किती टाकाचं, ते वाच अन् लाव."

मारणारा बाटली डोळ्यांजवळ नेत होता. त्याला अक्षर दिसेना. ज्याला लागलं होतं तो भिंतीला टेकून खाली बसला होता आणि रक्त त्याच्या हनुवटीवरून पायावर ठिबकत होतं. टोळीतली एक पोरगी डिक्शनरी चाळत रडत होती. मी ओरडलो, "अरे, एक झाकण औषध, वाटीभर पाणी! टाक अन् लाव!"

सर इतक्या झपाट्यानं उठले की बाक उलटला. डाव्या हाताची मूठ सुटली. उजव्या हातानं त्यांनी माझी कॉलर धरली आणि मला दाराच्या चौकटीवर आपटलं. माझं डोकं लाकडाला लागलं. "माह्या वर्गात सांगाचं नाई," ते दातांतून म्हणाले. "समजलं का चव्हाण? सांगाचं नाई!" मग त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, कॉलर सोडली आणि मनगट पुन्हा धरलं. मारणाऱ्या पोरानं तेवढ्यात बाटलीवरचं वाचून काढलं होतं आणि तो हुंदके देत दुसऱ्याची जखम पुसत होता. ती दोघं पुढे जिगरी दोस्त झाली. सर दुसऱ्या दिवशी माझ्या घरी येऊन माफी मागून गेले, माझ्या बायकोच्या हातचा चहा पिऊन गेले. मी माफ केलं असं म्हणालो. केलं नव्हतं. वर्गासमोर कॉलर धरलेली मी विसरलो नाही, आणि मनात एक गाठ बांधून ठेवली की आता या माणसाच्या वर्गात जळो की बुडो, आपण तोंड उघडायचं नाही.

त्यांचा हात त्यांच्या मुठीत राहतो हे मी एकदा स्वतः पाहिलंही आहे, नाही असं नाही. एका पोरानं फवारणीच्या औषधाचं लेबल वाचलं आणि घरी जाऊन बापाला सांगितलं की ही दोन औषधं एका पंपात मिसळायची नाहीत, तोंडाला फडकं नसेल तर फवारायचंच नाही. बापानं आधी पोराला बदडलं आणि मग तुतारी घेऊन शाळेत आला. तुतारी म्हणजे बैल हाकायची काठी, टोकाला खिळा. वर्गात घुसून तो गरजला, "कोन हाये तो मास्तर? माह्यंच पोट्टं मलेच शिकवते! मी का येडा हावो?" आणि सरांच्या दंडावर त्यानं तुतारी ओढली. शर्ट फाटला, कातडं फाटलं. आम्ही दोघंतिघं धावलो तर सरांनी मानेनं ‘नाही’ केलं. हात पाठीमागेच. मनगट इतकं घट्ट धरलेलं की बोटांची टोकं पांढरी पडली होती. तो माणूस दुसरा वार करायला गेला आणि समोरचा हलतही नाही म्हणून गोंधळला.

"मारून झालं असन तं बसा," सर म्हणाले. "तुमच्या पोराचं वाचून झालं हाये. तुमीबी ऐका."

सुजलेल्या गालाचं ते पोरगं उभं राहिलं आणि त्यानं लेबल वाचलं. विष अंगात गेलं तर काय होतं तेही वाचलं, डोळ्यांच्या बाहुल्या, फेस, श्वास, सगळं. बाप खाली बसून ऐकत होता. ऐकता ऐकता त्यानं स्वतःचे हात धोतराला पुसायला सुरुवात केली आणि पुसतच राहिला. तेव्हा सर उभे होते आणि त्यांच्या कोपरावरून रक्त गळत होतं. त्या दिवशी मला वाटलं, हा माणूस जिंकला. माणूस असा एका दिवसात जिंकत नाही, हे नंतर कळलं.

पायल राठोड नववीतलीच. आमच्या शाळेलगतच्या तांड्यातली, काटकुळी, हट्टी, तेलानं चप्प वेणी. तिची थोरली बहीण कविता उमरखेडच्या बाजूला दिली होती. थोरल्या बहिणीला आमच्यात बाई म्हणतात. तर पायलची बाई एका मंगळवारी डावा हात मोडून माहेरी आली. सासरचे म्हणाले, विहिरीच्या पायरीवरून पडली. कविताही तेच म्हणाली, पडले. याडीनं, म्हणजे आईनं, तिला पुसदच्या एका दवाखान्यात नेलं. छातीतही दुखतं म्हणाली म्हणून दोन-तीन ठिकाणचा एक्स-रे काढला, हाताला प्लास्टर घातलं आणि एक इंग्रजी कागद हातात देऊन पुढच्या पेशंटला आत घेतलं.

सासरच्यांना सून परत पाहिजे होती. शेतातली हळद काढायचे दिवस होते. पायलच्या बापाला तिला पाठवायचं नव्हतं, पण पोरगीच ‘पडले’ म्हणते तर तो काय बोलणार? शेवटी नसाब बसवायचं ठरलं. नसाब म्हणजे आमच्याकडची तांड्याची पंचायत, नायक आणि चार जाणती माणसं. रविवारी बसणार होती. ती म्हणेल तसं, पाठवायचं किंवा ठेवायचं. बाप नायकाला म्हणाला, "दवाखान्याचा कागद हाये. माही पायल वाचते इंग्रजी. रविवारी ते वाचून दाखवन."

बुधवारी पायलनं तो कागद वर्गात आणला. वहीत रकाने भरले. काय, तर बाईचा कागद. कायले, तर बाई पडली का, ते पाहाले. तिसऱ्या रकान्यात तिनं लिहिलं, रविवार.

सर शेवटच्या बाकावर होते. वही उघडायची नाही हा त्यांचाच नियम.

तो कागद काही मिक्सरचं खोकं नव्हता. हाडांची नावं, बाजू, कोन, अर्ध्या वितीचे शब्द, शाळेच्या डिक्शनरीत त्यातले निम्मे नाहीतच. पायल वरून एकेक ओळ घेत खाली येत होती. मधली सुट्टी नाही, खेळाचा तास नाही. एका शब्दासाठी विज्ञानाच्या पुस्तकातला सांगाडा काढून त्यावर बोट फिरवत बसायची. तिची टोळी दमली, ती दमली नाही. गुरुवारी दोन ओळी, शुक्रवारी दोन ओळी. सर लांबून पाहत होते आणि खूश होते. मला स्टाफरूममध्ये म्हणाले, "ते राठोडची पोरगी पाह्य. कोनाले कायी विचारत नाई. हेच पाहिजे होतं मले."

शनिवारी सकाळची शाळा. सुटता सुटता पायलनं मला पाण्याच्या टाकीजवळ गाठलं. कागद उघडला आणि तळाच्या ओळींवर बोट ठेवलं. आपल्या बोलीत म्हणाली की वरचं थोडं झालंय, हे खालचं राहिलंय, उद्या पाहिजे. मी वाचलं. बी.ए.ला इंग्रजी मलाही होतं. तीन ओळी होत्या आणि मला त्या समजल्या.

आता खरं लिहितो, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही. मला त्या समजल्या, उद्या नसाब आहे हेही मला माहीत होतं, आणि माझ्या डोक्याला ती दाराची चौकट आठवली. मी म्हणालो, "तुझ्या सरांचा नियम आहे ना? त्यांनाच विचार." ती म्हणाली, "सर सांगत नाईत." मी म्हणालो, "मग मीही सांगत नाही." आणि पुसदला एका लग्नाला निघून गेलो. वाटेत मनाची समजूत घातली की कविता स्वतःच बोलेल, एवढं अंगावर घेऊन कोण गप्प बसतं. माणूस स्वतःच्या नीचपणाला किती चटकन कारण शोधतो पाहा.

कविता बोलली नाही. रविवारी मंदिरासमोर नसाब बसली. समोर नवरा आणि त्याचे दोन भाऊ. नायकानं पायलला उभं केलं, "वाच पोरी, तुले येते तेवढं वाच." तिनं वाचलं. डाव्या हाताचं हाड मनगटाच्या वर मोडलंय, तुकडा सरकलाय, अमुक ठिकाणी सूज आहे. नवरा हसला. "हे तं आमीबी सांगूनच राह्यलो. पडली तं हात मोडनच." नायकानं विचारलं, खाली आणखी काय आहे? पायल म्हणाली, "ते झालं नाई अजून." तिला मुदत मागायची सुचली नाही, आणि मागितली असती तरी नववीतल्या पोरीसाठी पाहुणे थांबले असते का, कोण जाणे. नायकानं जावयाला तंबी दिली, हात लावायचा नाही अशी आण घेतली, आणि कविता प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून त्यांच्याबरोबर गेली.

सोमवारी तिसऱ्या तासाला पायल म्हणाली, "झालं, सर."

मी शेजारच्या वर्गात होतो. मध्ये नुसती अर्धी भिंत, सगळं ऐकू येतं. बाक सरकल्याचा आवाज आला, म्हणजे सर उभे राहिले. पायल सांगू लागली. डाव्या बाजूच्या तीन बरगड्या आधी कधीतरी तुटल्यात आणि आपोआप जुळल्यात. उजवा हात आधी तुटलाय, तो वाकडा जुळलाय. हे सगळं वेगवेगळ्या वेळचं आहे, आताचं नाही. तिचा आवाज सपाट होता. शेवटी म्हणाली, "पडली तं एकडावच पडन ना, सर? इतल्या डाव कोन पडते?"

आणि पिंगळे सर म्हणाले, "शाबास."

तो शब्द मी आयुष्यात विसरणार नाही. सवयीनं गेला तो तोंडातून. मग पानं चाळल्याचं ऐकू आलं. त्यांनी वही उघडली असावी. मग त्यांचा आवाज आला, ओळखू येणार नाही असा.

"पायल, हा कोनता रविवार?"

"कालचा, सर."

त्यांनी मला हाक मारली नाही, अर्ध्या भिंतीवरून नुसतं पाहिलं, आणि मी गाडीची चावी काढली. मध्ये पायल, मागे सर, असे तिघं कविताच्या सासरी निघालो. तासाभराची वाट होती. सर माझ्या खांद्याला धरून बसले होते, म्हणजे दोन्ही हात मोकळे होते, आणि उजवा खांदा मला जड जड होत गेला.

त्या गावात शिरताच हळद उकडल्याचा वास आला. घर सापडायला वेळ लागला नाही, कारण आवाज येत होता. अंगणात कविता मातीत पडली होती. प्लास्टरचे पांढरे तुकडे अंगणभर पसरले होते. नवऱ्यानं तिचा तोच हात धरला होता आणि तिला ओढत होता, दर ओढीला म्हणत होता, "बहिनीले वाचाले लावते? पंचात वाचाले लावते?" कविता ओरडतही नव्हती. तोंडातून नुसती हवा निघत होती.

सर गाडी थांबायच्या आत उतरले. कुंपणातून एक ओली काडी त्यांनी जाता जाता उपटली, बघितलीही नाही. पंधरा वर्षांचा सराव होता. पहिला फटका नवऱ्याच्या मनगटावर बसला आणि कविताचा हात सुटला. मग पाठ, मग मांड्या, मग तोंड. काडी मोडली. मग हात. तो खाली पडला तर त्याला उठवून मारलं. जबड्यावर मारलं तेव्हा कट्‌ असा आवाज झाला, तो मी ऐकला. मी त्याच्या भावांना अडवत होतो असं मी नंतर पोलिसांना सांगितलं. ते थोडं खरं आहे. खरं हेही आहे की मला तो मार बघायचा होता, आणि प्रत्येक फटक्याला माझ्या मनातलं शनिवारचं ओझं थोडं हलकं होत होतं. सरांच्या तोंडावर राग नव्हता. मुलाला पाढे म्हणायला लावावेत तसा चेहरा होता. शेवटी त्यांनी तळहात पूर्ण उघडून त्याच्या कानावर हाणला आणि पुन्हा उगारला, तेव्हा पायल किंचाळली, "सर, बस!"

ते थांबले. उगारलेल्या हाताकडे बघत राहिले. तेवढ्यात एका भावानं मागून त्यांच्या डोक्यात लाकूड घातलं.

कविता वाचली. तिचा डावा हात कोपरापासून सरळ होत नाही, पण ती माहेरी आहे, शिलाईचं मशीन चालवते, आणि तिच्या केसमध्ये पायलनं वाचलेला तोच कागद लावलेला आहे. सर डोक्याला बांधलेल्या रुमालातून रक्त गळत असताना स्वतः चालत ठाण्यात गेले आणि बाकावर बसून म्हणाले, "मी मारलं." त्यांच्यावर वेगळी केस झाली. पंधरा दिवसांनी निलंबनाचं पत्र आलं. गावात आणि तांड्यात त्यांची वाहवा चालली होती, लोक हार घेऊन आले होते. त्यांनी हार घेतला नाही. मी म्हणालो, "सर, पोरगी वाचली ना?" ते म्हणाले, "बुधवारी वही उघडली असती तं कोनालेच माराची गरज नव्हती." मग मी त्यांना पाण्याच्या टाकीजवळची गोष्ट सांगितली. मला वाटलं, आता माझी कॉलर धरतील. मनातून तेच पाहिजे होतं. ते नुसतं "हं" म्हणाले आणि मनगट धरून उभे राहिले.

चार्ज द्यायला आले त्या दिवशी ते शेवटचे नववीच्या वर्गात गेले. मी दारात उभा होतो. त्यांनी फळ्यावर तीन रकाने आखले. काय, तर हा कागद. कायले, तर सरानं काय केलं ते पाहाले. कवापरेंत, तर आता. कागद होता कविताच्या नवऱ्याच्या जखमांचा, दवाखान्यानं पोलिसांना दिलेला, वकिलाकडून मिळालेला. एक झेरॉक्स त्यांनी पहिल्या बाकावर पायलसमोर ठेवली, एक स्वतःच्या हातात घेतली.

"आज मी सांगतो," ते म्हणाले. पोरं एकमेकांकडे पाहू लागली. सर आणि सांगणार?

त्यांनी एकेक ओळ इंग्रजीत वाचली आणि लगेच अर्थ सांगितला. जबड्याचं हाड दोन ठिकाणी तुटलंय. समोरचे दोन दात पडलेत. उजव्या मनगटाला सूज. पाठीवर काडीचे वळ. दोन-तीन पोरांचे डोळे चमकत होते, त्यांना हे शौर्य वाटत होतं. सरांनी कागदाची घडी घातली.

"सर," पायल म्हणाली, "शेवटची ओळ राह्यली."

त्या सोमवारपासून ती कोणताही कागद खालून वर वाचायची. सर घडीकडे पाहत राहिले. त्यांच्यानं ती उघडवेना.

"वाचाचं तं पूर्ण वाचाचं, सर. तुमीच म्हनता."

तेव्हा पायल स्वतः उभी राहिली. कविताच्या नवऱ्याबद्दल तिच्या मनात काय होतं ते मला ठाऊक आहे, तरी तिनं आवाज चढवला नाही की उतरवला नाही. बहिणीचा कागद वाचला होता तशीच सपाट वाचत गेली. "डावा कान. पडदा फाटला हाये. त्या कानानं ऐकू येनार नाई." मग थांबून म्हणाली, "झालं, सर."

सर उभेच होते. ‘शाबास’ त्यांनी म्हटलं नाही. उजवं मनगट डाव्या हातात धरलं आणि माझ्या जवळून बाहेर पडले.

मी त्यांची पिशवी घेऊन फाट्यापर्यंत मागे मागे गेलो. एसटी आली. चढायला दांडी धरावी लागते, पण त्यांनी मूठ सोडली नाही. पायरीवर एक पाय ठेवून ते तसेच थांबले, तेव्हा कंडक्टरनं त्यांच्या बगलेत हात घालून त्यांना आत ओढून घेतलं.